सँडोचे डंबेल्स ठेवून सूर्यनमस्कार घालणारा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

नवनगर (हुबळी-धारवाड) : पहाट झाली की नवनगरच्या रस्त्यांवर पोरं दिसायला लागतात. कुणी पोलीस भरतीसाठी धावतंय, कुणी कबड्डीच्या निवड चाचणीसाठी, कुणी खांद्याला बॅग लावून जिमला निघालंय. हुबळी आणि धारवाडच्या मध्ये वसलेल्या या भागात घर कन्नड असो की मराठी, आई-बापांपुढचा प्रश्न एकच असतो. पोराला खेळात घातलं खरं, आता त्याचं अंग कसं कमवायचं? चौदाव्या वर्षी वजन उचलू द्यावं का? गुडघा दुखायला लागल्यावर डॉक्टरकडे पळायचं, की तो दुखूच नये म्हणून आधीपासून काही करायचं?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजानं हाच प्रश्न स्वतःच्या अंगावर प्रयोग करून सोडवायचा प्रयत्न केला. दहा वर्षं एका वाटेनं गेला, ती अपुरी वाटल्यावर सोडली आणि चाळिशीत नवी वाट धरली. मग ती वाट आपल्या संस्थानातल्या प्रत्येक शाळेत नेली. तो राजा म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांच्या तोंडी बाळासाहेब.

आपल्याच रेल्वे मार्गावरचं संस्थान

औंध म्हटलं की पुण्याजवळचं औंध डोळ्यांपुढे येतं. हे औंध वेगळं. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी हे पद निर्माण झालं आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आलं. त्या घराण्याची ही गादी.

संस्थान छोटं, सुमारे ७२ गावांचं, आणि तेही एकसंध नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके चार दिशांना विखुरलेले. यातलं गुणदाळ म्हणजे तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातलं, आजच्या विजयपूर जिल्ह्यातलं कन्नड मुलखातलं गाव. त्यामुळे सीमाभागाला हा राजा परका नाही.

हुबळीहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसलं की बेळगाव, मिरज, सांगली मागे पडल्यावर किर्लोस्करवाडी लागते. त्या वाडीमागेही बाळासाहेबच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलचं दुकान आणि मग नांगराचा कारखाना चालवत होते. नगरपालिकेला जागा हवी झाली आणि त्यांना तिथून उठावं लागलं. तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा ३२ एकरांचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली तिथं कारखाना उभा राहिला. जिथं निवडुंग आणि साप सोडून काही नव्हतं, तिथं एक औद्योगिक वसाहत झाली.

सँडोची दहा वर्षं

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी.ए. झाले. गादी त्यांच्याकडे थेट आली नाही. वडील गेल्यावर आधी थोरल्या भावाकडे, मग पुतण्याकडे आणि शेवटी १९०९ साली ती त्यांच्याकडे आली. तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती. चित्रं काढायची, कीर्तन करायचं, जुन्या वस्तू जमवायच्या, असे अनेक नाद त्यांना होते. पण सगळ्यांत जुना आणि शेवटपर्यंत टिकलेला नाद व्यायामाचा.

तरुणपणी इथल्या रिवाजाप्रमाणे जोर-बैठका झाल्या. त्याच काळात युरोपात युजेन सँडो या पहिलवानाचं नाव गाजत होतं. प्रशियात जन्मलेला हा माणूस रंगमंचावर उभा राहून एकेक स्नायू फुगवून दाखवायचा, आणि लोक तिकीट काढून ते बघायला जायचे. त्यानं डंबेल्स, स्प्रिंगा, रबरी दोऱ्या असं सामान विकायला काढलं, पुस्तकं लिहिली, टपालानं व्यायाम शिकवला. आजच्या फिटनेस धंद्याचा तो मूळपुरुषच म्हणावा लागेल. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला.

बाळासाहेबांनी १८९७ मध्ये सँडोची पुस्तकं आणि सामान मागवलं. त्यांचं वय तेव्हा २९. पुढची जवळपास दहा वर्षं त्यांनी त्या पद्धतीनं नेमानं व्यायाम केला. अर्धवट करून सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते. छाती, दंड, खांदे यांत फरकही पडला.

दहा वर्षांनंतर मात्र त्यांना त्यातली उणीव जाणवली. स्नायू बाहेरून वाढले, पण पोट, श्वास, पाठीचा कणा, सांध्यांची लवचिकता यांचं काय? शिवाय सामान महाग, त्याला जागा लागते, आणि शेतकऱ्याच्या पोराला ते परवडणार कसं? राजाला जमतं ते रयतेला जमायला हवं, हा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हाच रुजत असावा. पुढे त्यांनी जे काही केलं त्यावरून तरी तसंच दिसतं.

मिरजेच्या राजाचा सल्ला

वळण मिळालं ते मिरजेहून. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन स्वतः नमस्कार घालायचे. त्यांच्या आग्रहानं औंधच्या बाळासाहेबांनी १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्कार नियमानं घालायला सुरुवात केली.

नमस्कार घालणं महाराष्ट्राला नवीन नव्हतं. घरातले म्हातारे पहाटे अंगणात सूर्याला साष्टांग घालत, तालमीतली पोरं जोर मारायच्या आधी नमस्कार घालत. पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी भरभर, कुणी सावकाश, कुणी नुसता देवधर्म म्हणून. बाळासाहेबांनी त्याची मोडणी केली. एका नमस्काराच्या दहा स्थिती ठरवल्या. कुठल्या स्थितीत श्वास घ्यायचा आणि कुठल्या स्थितीत सोडायचा, गुडघा कधी वाकवायचा आणि कधी ताठ ठेवायचा, हे नक्की केलं. तळहात एकदा जमिनीला टेकले की नमस्कार संपेपर्यंत जागचे हलता कामा नयेत, यावर त्यांचा कटाक्ष असे.

हे नियम कशासाठी, ते करून बघितलं की कळतं. उभं राहून वाकताना मांडीच्या मागच्या शिरा आणि पाठ ताणली जाते. पाय मागे नेला की कमरेचा पुढचा भाग मोकळा होतो. अंग हातांवर तोलून खाली आणताना दंड, खांदे आणि छाती यांच्यावर शरीराचं स्वतःचं वजन येतं, म्हणजे तो एक जोरच झाला. छाती वर उचलली की कणा मागे वळतो, आणि कंबर वर नेली की पोटऱ्या ताणल्या जातात. हात जागचे हलले तर हा सगळा ताण ढिला पडतो आणि नमस्कार नुसती उठबस होऊन जातो. अख्ख्या अंगाचा व्यायाम, तोही दोन हात जागेत आणि बिनपैशात.

बाळासाहेब रोज सकाळी शेकड्यानं नमस्कार घालत. त्यांच्या राणीसाहेबही घालत, मुलंही घालत. राजवाड्यातल्या बायकांनी व्यायाम करणं ही त्या काळात चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती. औंधात ती लपवली गेली नाही, उलट पुस्तकातून जगापुढे मांडली गेली.

प्रार्थनेनंतर नमस्कार

राजानं स्वतः व्यायाम करणं ही एक गोष्ट आणि संस्थानभर तो लागू करणं ही दुसरी. बाळासाहेबांनी आपल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांना केले तसे मुलींनाही, आणि मास्तरांनाही. मास्तर खुर्चीत बसून पोरांकडून नमस्कार घालून घेतो, हे त्यांना मान्य नव्हतं.

वयाप्रमाणे संख्या ठरवलेली होती. लहान पोरांना थोडे, वय वाढेल तसे जास्त. एकदम शंभराचा आकडा गाठायचा नाही, रोज थोडे थोडे वाढवायचे. आज ताकदीच्या व्यायामात भार हळूहळू वाढवण्याचा जो नियम प्रशिक्षक सांगतात, तो औंधच्या शाळांत असा नमस्कारांच्या संख्येत बसवलेला होता.

सक्तीला नाकं मुरडणारे नक्कीच असतील. पण बाळासाहेबांचा हेतू पदकं मिळवणारी चार पोरं तयार करण्याचा नव्हता. दुष्काळी मुलूख, डॉक्टर दूर, औषधाला पैसा नाही. प्लेग आणि पटकी यांनी गावं ओस पडलेली त्या पिढीनं बघितली होती. आजारी पडल्यावर उपचार करणं ज्या रयतेच्या हातात नाही, तिनं आजारी पडायच्या आधीच अंग राखलं पाहिजे, असा त्यांचा साधा हिशोब होता. म्हणून नमस्काराबरोबर ते खाण्यावरही सांगत. पॉलिश न केलेला तांदूळ, भाज्या, दूध आणि पोटाला झेपेल एवढंच खाणं.

१९२० च्या दशकात त्यांचं सूर्यनमस्कारावरचं पुस्तक आलं, पाठोपाठ इंग्रजीतही आलं. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर याच काळात औंधात राहत होते. स्वाध्याय मंडळाच्या कामाबरोबर तेही योग आणि नमस्कारावर लिहीत. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकामुळे हा विषय मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचला. कर्नाटकातही हे वारं आलं. बंगळुरात व्यायामशाळा चालवणारे के. व्ही. अय्यर हे नावाजलेले शरीरसौष्ठवपटू. त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं आणि वजनांच्या व्यायामाला नमस्काराची जोड दिली.

लंडनमध्ये ६८ व्या वर्षी

१९३६ साली बाळासाहेब युरोपला गेले. वय ६८ च्या घरात. लंडनमध्ये न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या लेखिका लुईस मॉर्गन त्यांना भेटल्या. समोरचा माणूस सत्तरीकडे झुकलेला आहे हे त्यांना खरं वाटेना. चाल सरळ, अंग चपळ, चेहरा तजेलदार. त्यांनी त्यावर लेख लिहिले आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला.

त्यातूनच १९३८ मध्ये लंडनला द टेन-पॉइंट वे टू हेल्थ हे पुस्तक निघालं. लेखक औंधचे राजे, संपादन लुईस मॉर्गन यांचं. दहा स्थितींचे फोटो, कृती, खाण्याचे नियम असं सगळं त्यात होतं. जगभरच्या योग वर्गांत आज सूर्यनमस्कार सर्रास घातला जातो. तो हिंदुस्थानाबाहेर नेणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत याची गणना होते. ज्या युरोपातून चाळीस वर्षांपूर्वी सँडोचे डंबेल्स औंधला आले, त्याच युरोपात औंधचा नमस्कार गेला.

बाळासाहेबांचं सगळंच आज जसंच्या तसं घ्यावं असं नाही. नमस्काराबरोबर म्हणायच्या बीजमंत्रांच्या कंपनांनी आतल्या अवयवांवर परिणाम होतो आणि बहुतेक सगळे आजार दूर राहतात, अशी त्यांची श्रद्धा होती. वैद्यकशास्त्र इतकं मान्य करत नाही. व्यायामानं आजाराचा धोका कमी होतो, पण एकच व्यायाम सगळ्यावर उतारा होत नाही. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवूनही हे सांगायला हवं.

राज्य सोडणारा राजा

अंग स्वतःचं स्वतः राखावं, हा विचार बाळासाहेबांनी राज्यकारभारातही आणला. मुलगा अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतला होता. त्याच्या आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन या इंजिनिअरच्या साथीनं त्यांनी सत्ता रयतेच्या हाती द्यायचं ठरवलं. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावोगावी पंचायती आल्या. राजानं आपला खर्च कमी केला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, साखळी नाही, कैदी शेती करणार. व्ही. शांताराम यांच्या दो आंखें बारह हाथ या सिनेमाची कल्पना तिथूनच आली.

मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानाच्या शाळा सरकारी झाल्या आणि राजाचा नियम राजाबरोबर गेला. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेबांचं निधन झालं. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. वडिलांचा नमस्कार त्यांनी सोडला नाही, त्यावर स्वतःही पुस्तक लिहिलं.

औंधच्या डोंगरावर बाळासाहेबांनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आजही बघायला मिळतं. चित्रं, मूर्ती, हस्तिदंती काम बघायला लांबून लोक येतात. नमस्काराचं मात्र वेगळं संग्रहालय नाही. तो रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर उतरतो आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

नवनगरच्या पोरांनी यातून काय घ्यावं

खेळणाऱ्या पोरांबाबत आज जाणकार जे सांगतात, ते बाळासाहेबांच्या अनुभवाशी बरंचसं जुळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमछाक होईल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. वजनांच्या व्यायामानं पोरांची उंची खुंटते, ही भीती जुनी आहे. जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली, योग्य पद्धतीनं आणि पेलवेल तेवढ्याच भारानं केला तर तो व्यायाम मुलांना चालतो. धोका असतो तो घाईत, चुकीच्या पद्धतीत आणि मित्राशी पैज लावून उचललेल्या वजनात.

म्हणून आधी स्वतःच्या अंगाचं वजन पेलायला शिकायचं. नमस्कार, जोर, बैठका, लटकणं, उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरणं. एकट्या नमस्कारात सगळं येत नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. त्यात ढकलण्याची ताकद येते, ओढण्याची येत नाही. ती मल्लखांबावर, दोरीवर किंवा आडव्या बारवर लटकून मिळवावी लागते. धावणाऱ्याला पोटऱ्या आणि मांड्यांची जास्त मेहनत लागते, कबड्डीवाल्याला घोटा, गुडघा आणि मान यांची. पाया झाल्यावर खेळाप्रमाणे त्यात भर घालायची आणि मगच लोखंडाला हात लावायचा. झोप आणि खाणं हे त्या व्यायामाचेच भाग आहेत.

आपल्याकडे उलटं होतं. निवड चाचणीला महिना उरला की पोरगं जिमला जातं, आरशात दिसणारे दंड आणि छाती फुगवतं. पाठ, मांडीची मागची बाजू, घोटा आरशात दिसत नाहीत, म्हणून ते राहून जातात. मग मैदानावर नेमकी तीच जागा दगा देते. गरीब घरातल्या पोराला एक दुखापत म्हणजे एक हंगाम गेला, आणि भरतीचं वय सरत आलं असेल तर कदाचित नोकरीही गेली.

बाळासाहेबांनाही दंड-छातीच्या वाटेवर दहा वर्षं गेल्यावर हे उमगलं. ते राजे होते, त्यांच्याकडे ती दहा वर्षं होती. पहाटे नवनगरच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोराकडे तेवढा वेळ नाही. त्याला सुरुवात आजच करावी लागेल, आणि त्यासाठी एक सतरंजी आणि दोन हात जागा पुरेशी आहे.